कचरापेटीतले दात

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. इतक्या वर्षांनी माझं अक्षर बघून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगतो की घरात सगळे धडधाकट आहेत. आजारी आहे तो माझा फोन. त्याचं पोट भरलंय आणि तो आता काही गिळायला तयार नाही. काहीही करायला गेलं की पडद्यावर पाटी येते, ‘जागा अपुरी आहे’. निरोपांचं ॲप तर उघडतच नाही. बरं, तुला सरळ फोन लावावा, तर तू निवृत्तीच्या दिवशीच जाहीर केलंस की जन्मभर एक्स्चेंजमध्ये बसून लोकांचे फोन जोडले, आता स्वतःचा वाजला तरी उचलणार नाही. सख्खी बहीण टेलिफोन ऑपरेटर होती आणि मला तिला पाकिटाला डिंक लावून पत्र पाठवावं लागतंय.

धंद्याचा तर बोजवाराच उडालाय. डॉक्टर मंडळी मला तोंडाचा साचा पाठवतात आणि फोनवर पेशंटच्या चेहऱ्याचा फोटो. तो बघून मी ठरवतो की दात केवढे ठेवायचे, कसे ठेवायचे. गेल्या आठवड्यात एका गृहस्थांचा फोटो आलाच नाही, म्हणून मी अंदाजाने कवळी केली. डॉक्टरीणबाईंनी ती परत पाठवली. सोबत चिठ्ठी होती, ‘पेशंट गंभीर स्वभावाचे आहेत. ही कवळी लावल्यापासून ते सारखे हसताना दिसतात. परवा एका मयताला जाऊन आले, तिथे गैरसमज झाला.’

फोनमध्ये एवढं आहे काय असं विचारशील, तर दात आहेत. मी केलेल्या प्रत्येक कवळीचा फोटो माझ्याकडे आहे, समोरून, डावीकडून, उजवीकडून आणि आ वासलेला. दुसरे लोक नातवंडांचे फोटो दाखवतात, मी पाहुण्यांना दाढा दाखवतो. पाहुणे हल्ली कमी येतात.

ठकीच्या फोटोंनी फोन भरला असेल अशी तुला शंका येईल, पण तसं नाही. आमच्या लेकीने माझ्या हाताखाली काम शिकून शेवटी ते दात छापायचं यंत्र घेतलं, आणि मी गिऱ्हाइकासमोर तिला म्हटलं की हे दात नाहीत, शर्टाची बटणं आहेत. ती दुसऱ्या गावी निघून गेली, त्याला आता वर्ष होईल. जाताना मी बजावलं होतं की तुझं काही मला दाखवायचं नाही. तर पोरगी नाकावर टिच्चून दर शनिवारी एका कवळीचा फोटो पाठवते. खाली अक्षर नाही. मी तो आल्या आल्या डिलीट करतो, तुझ्या वहिनीसमोर, चहाचा कप खाली ठेवून, बोट चांगलं उंच उचलून. तेव्हा त्या बाजूने फोनला काही त्रास नाही.

तू ज्येष्ठांच्या फोनच्या शिकवणीत पहिली आलीस म्हणे. काहीतरी उपाय कळव.

तंत्रज्ञानाच्या बाबतीत बोळका झालेला तुझा,
धाकटा


९ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. त्यांना जागा लागत नाही, तेव्हा पोटभर घे.

शिकवणीत मी पहिली आले ही बातमी तुला मीच दिली होती, त्यामुळे तिच्यावर फार विसंबू नकोस. परीक्षा झालीच नव्हती. मी पहिली आले म्हणजे सगळ्यांच्या आधी वर्गात येऊन बसले. दुसऱ्या आठवड्यात मी आमच्या वर्गाचा फोनवरचा गटच पुसून टाकला. तेव्हापासून मी हात वर केला की शिकवणाऱ्या बाई खिडकीबाहेर बघतात.

एक गोष्ट मात्र मी त्या भानगडीतून पक्की शिकले. डिलीट केलेलं कुठे जात नाही. फोनमध्ये एक कचरापेटी असते, तिच्यात जाऊन पडतं, आणि तिथेही जागा अडवतंच. म्हणजे घर झाडायचं, केर गोळा करायचा, तो सोफ्याच्या मागे लोटायचा आणि घर स्वच्छ झालं म्हणून हात झटकायचे. हे समजायला तुला जड जाऊ नये. लहानपणी ‘टाकून ये’ म्हणून दिलेली प्रत्येक वस्तू तू माळ्यावर नेऊन ठेवायचास. तुटकी छत्री तर तू दोनदा टाकून आलास आणि दोन्ही वेळा ती माळ्यावर सापडली.

खरं तर महिना झाला की फोन ही पेटी आपणहून रिकामी करतो. तुझी का होत नाही कुणास ठाऊक. माणसाच्या वळणावर गेला असेल.

सोबत वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात पायऱ्या लिहिल्या आहेत. फोटो उघड, खाली ‘कचरापेटी’ दिसेल, तिच्यात जा, ‘सर्व निवडा’ म्हण, लाल बटण दाब. फोन विचारेल, ‘कायमचं पुसायचं? परत मिळणार नाही.’ हो म्हण. तो पुन्हा विचारेल. आपली आई बाहेर निघताना कुलूप लावलं का म्हणून विचारायची ना, तसाच त्याचा स्वभाव आहे. पुन्हा हो म्हण. कागद फोनच्या शेजारीच ठेव, नाही तर तोही माळ्यावर जाईल.

तुझी,
ताई


१५ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझा कागद मिळाला, त्यावरून पेटीही सापडली. चांगली गच्च भरलेली आहे. तुझं शास्त्र अगदी बरोबर आहे. रिकामी मात्र अजून केलेली नाही. कारणं सांगतो.

पहिलं कारण माझी बोटं. जन्मभर प्लास्टरमध्ये आणि मेणात काम करून ती इतकी गुळगुळीत झाली आहेत की फोन मला ओळखतच नाही. लाल बटण मी दाबलं की त्याला वाटत असेल माशी बसून उडाली.

दुसरं कारण म्हणजे मला वाटलं, आधी इतर उपाय करून बघावेत. नातेवाइकांनी पाठवलेली सकाळच्या शुभेच्छांची फुलं काढली. ती सगळी सुखरूप पेटीत जाऊन बसली. मग पडद्यावरचे ते छोटे छोटे चौकोन डोळ्यांत खुपायला लागले. एक काढला, तो कॅल्क्युलेटर निघाला. दुसरा काढला, तर आता जिन्यात अंधारात चाचपडत उतरावं लागतं, कारण ती बॅटरी होती. तिसरा गजर होता, हे मला दुसऱ्या दिवशी ऊन डोळ्यांवर आल्यावर कळलं. एवढ्या सगळ्या त्यागातून जी जागा मोकळी झाली तिच्यात एक फोटो मावला. तो चुकून माझ्या चपलेचा निघाला. आता त्या चपलेमुळे फोन पुन्हा भरलाय.

तुझ्या वहिनीने मला विचारलं की पेटीत असं काय सोनं आहे. मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. ती स्वयंपाकघरात निघून गेली. पेटी आपोआप रिकामी का होत नाही, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही. यंत्राचं काय सांगावं.

एक सहज विचारतो. पेटीतलं सगळं पेटीतच ठेवून पेटी रिकामी करता येते का?

तुझा,
धाकटा


२० फेब्रुवारी

धाकट्या,

तुझा तो सहज विचारलेला प्रश्न मी शिकवणीत बाईंना विचारला. सगळा वर्ग हसला. मीही हसले, नाही तर प्रश्न माझाच आहे असं वाटलं असतं.

आता माझा एक प्रश्न. दर शनिवारी तू बोट उंच उचलून ठकीचा फोटो डिलीट करतोस. तेव्हा फोन तुझं बोट बरं ओळखतो. एका लाल बटणालाच ते ओळखू येत नाही? जन्मभर मी लोकांची बोलणी कानावर पडून न ऐकल्यासारखी केली आहेत. थाप ऐकू आली की माझ्या डाव्या कानाला अजून खाज सुटते.

पण ते राहू दे. हे पत्र मी दुसऱ्याच कारणासाठी लिहितेय. काल मला ठकीचा निरोप आला. तिने लिहिलं होतं, ‘आत्या, बाबांनी मला ब्लॉक केलंय का? माझे फोटो त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत.’ मी विचारलं, ‘अगं, तो ते बघून टाकूनच देतो ना, मग पोचले काय आणि न पोचले काय?’ तिचं उत्तर जसंच्या तसं उतरवते.

‘टाकून देतात ते आईने सांगितलंय. पण त्याआधी निळ्या खुणा होतात, आत्या. म्हणजे ते बघतात. मला तेवढं पुरत होतं. आठवडाभर काम करताना मी हाच विचार करायचे की शनिवारी बाबा हे बघणार आहेत. आता त्यांनी तेही बंद केलं असेल तर मी पाठवणं थांबवते. बंद दारावर किती दिवस थापा मारायच्या?’

मी तिला लिहिलं की तुझ्या बापाचा फोन भरलाय, दुसरं काही नाही. ती म्हणाली, ‘आईने घरी ये म्हटलं की मीही असंच काहीतरी कारण सांगते.’ तिला खरं वाटत नाही, आणि मला तिचा राग येत नाही.

हा शनिवार ती शेवटचा म्हणतेय. त्याच्या आत फोन मोकळा कर, तिला एक निळी खूण दिसू दे. ते जमत नसेल तर का जमत नाही ते तरी मला खरं सांग.

ताई


२४ फेब्रुवारी

ताई,

सांगतो. हसायचं असेल तर आधी हसून घे.

ठकीचे सगळे फोटो त्या पेटीत आहेत. पहिल्यापासूनचे. मी ते तुझ्या वहिनीसमोर थाटामाटात डिलीट करतो, कप उचलतो, चहा संपवतो आणि कामाच्या खोलीत जाऊन दार लावून पेटी उघडतो. मग तो फोटो दोन बोटांनी मोठा करून एकेक दात बघतो. गॅलरीत ठेवले असते तर तुझ्या वहिनीला दिसले असते, ती रोज तिच्या कुंड्यांचे फोटो बघायला माझ्या फोनमध्ये शिरते. कचऱ्यात कोण डोकावणार? एवढ्या मोठ्या आवाजात ‘तुझं काही दाखवू नकोस’ म्हणून झाल्यावर मला दुसरी जागाच उरली नव्हती.

पेटी आपोआप रिकामी का होत नाही, तेही सांगून टाकतो. महिना भरत आला की मी सगळे फोटो पेटीतून बाहेर काढतो आणि लगेच परत टाकतो. मग पुढचा महिना काळजी नाही. तुटक्या छत्रीचं उदाहरण तू उगाच दिलं नव्हतंस. साठी आली तरी मी टाकून दिल्याचं नाटक करतोय आणि माळ्यावर चढतोय.

पहिली कवळी बघून मला आनंद झाला होता, कारण ती भयंकर होती. सुळे दोन पहारेकऱ्यांसारखे ताठ उभे. मी दिवसभर गुणगुणत होतो. पण ती थांबली नाही, ताई. पुढे पुढे सुळा जरासा आत वळायला लागला. हिरडीचा रंग जमायला लागला. मग एका शनिवारी तिने पुढचा एक दात शेजारच्या दातावर किंचित चढवला, खऱ्या तोंडात असतो तसा. हे मी तिला शिकवलं नव्हतं. सावकाश शिकवू म्हणून राखून ठेवलं होतं. ती आपलं आपणच शिकली. त्या दिवशी मला फार बरं वाटलं आणि त्याहून जास्त वाईट वाटलं, आणि दोन्ही कुणाला सांगता येईना. म्हणून मी हातातली कवळी पुन्हा पुन्हा घासत बसलो. ती इतकी पातळ झाली की फेकूनच द्यावी लागली.

तिला काही लिहावं असं कितीदा मनात आलं. पण वर्षभर गप्प राहिल्यावर एकदम काय लिहायचं? जितके दिवस जास्त गेले तितकं तोंड उघडणं अवघड झालं. दातांचा धंदा करणाऱ्या माणसाचीच दातखीळ बसली.

तर अडचण अशी आहे. पेटी रिकामी केली तर ठकीचं वर्षभराचं काम जातं. नाही केली तर तिला वाटतं मी दार लावलं, आणि तिचा शनिवार तर गेलासुद्धा. फोनच्या दुकानातला माणूस म्हणाला की हे सगळं एका छोट्या कार्डावर उतरवून देतो, सोमवारी या. सोमवारी ते झालं की मी स्वतः लाल बटण दाबतो. तोवर तिला थोपवून धर. वहिनीला यातलं काही कळवू नकोस, माझी उरलीसुरली अब्रू तिच्याकडेच आहे.

धाकटा


१ मार्च

वन्सं,

नमस्कार करते. मी कधी पत्र लिहीत नाही, तुम्हाला माहीतच आहे, पण आज लिहिल्याशिवाय राहवेना.

माझ्या हातून एक गोष्ट झाली. तुम्ही ह्यांना पायऱ्यांचा कागद पाठवला होता तो फोनखालीच ठेवलेला असायचा. हे रोज तो उचलायचे, वाचायचे, परत ठेवायचे. मला वाटलं ह्यांना जमत नाही आणि कबूल करायला लाज वाटते. रविवारी हे केस कापायला गेले तेव्हा मी कागद समोर घेतला आणि तुम्ही लिहिलंय तसं एकेक करत गेले. तुम्ही फार सोपं लिहिलंय, कुठे अडलं नाही.

पेटी उघडली तर आत ठकीचे सगळे फोटो. वन्सं, ती मला रोज जेवलीस का विचारते, पाय दुखतात का विचारते, पण दात फक्त बाबांना पाठवते. मी ते कधी नीट पाहिलेच नव्हते, हे क्षणात टाकून द्यायचे ना. आणि ते सगळे तिथे सकाळच्या शुभेच्छांच्या फुलांमध्ये पडलेले. माझ्या पोरीचं काम असं कचऱ्यात लोळताना मला बघवेना. म्हटलं, ठेवायचं नाही तर निदान पूर्ण जाऊ दे, असं पडून नको. फोनने दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा हो म्हटलं.

हे घरी आले. मी फोन हातात दिला, म्हटलं, बघा, मोकळा झाला. तेवढ्यात तो टणटणायला लागला, अडकलेले सगळे निरोप आले. ठकीचे होते. आधी कवळ्यांचे फोटो, एकामागून एक, आणि शेवटी नुसतं ‘बाबा?’ एवढंच. ह्यांनी ते वाचलं आणि पेटी उघडली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, ‘सगळं?’ मी म्हटलं, सगळं. मला वाटलं खूश झाले. हे खाली बसले, तर उठेचनात. मग मला सगळं सांगितलं, बोट उंच उचलायचं का आणि दार लावायचं का ते.

मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. फोनच्या दुकानात विचारून आले, तो माणूस म्हणाला आता काही परत येत नाही. तेव्हापासून डॉक्टरीणबाईंचे साचे तसेच पडून आहेत. ‘बाबा?’ला अजून उत्तर दिलेलं नाही. रोज फोन उघडून बघतात आणि मिटतात. तिकडे पोरीला निळी खूण दिसली असणार आणि उत्तर नाही. आता ती काय समजेल?

ठकीकडून ते फोटो मागवून घेऊ का? तुम्ही सांगाल तसं करते.

तुमची,
वहिनी


६ मार्च

धाकट्या,

वहिनीचं पत्र आलं. जन्मभर मी लोकांना सूचना दिल्या, त्या कुणी धड पाळल्या नाहीत. एकदा कुणीतरी शब्दन् शब्द पाळल्या आणि हे होऊन बसलं. मी शिकवणी सोडली आहे. बाईंनी पेढ्यासारखं गोड तोंड करून मला निरोप दिला.

वहिनीने विचारलंय की ठकीकडून फोटो मागवू का. मलाही मागवता येतील, एक निरोप टाकला की येतील. पण मी मागवणार नाही, आणि वहिनीलाही नको म्हणून कळवलंय. तुझ्यावर रागावून नव्हे. एक्स्चेंजमध्ये मध्येच लाइन तुटली की लोक माझ्यावर ओरडायचे, ‘बाई, तुम्हीच सांगा ना त्यांना.’ मला दोन्हीकडचं माहीत असायचं, तरी मी एकच उत्तर द्यायचे, ‘लाइन तुटली आहे, पुन्हा लावा.’ ज्याचं बोलणं त्यानेच लावायचं असतं. मी फक्त जोडते.

तुला वाटतंय तुझं सगळं गेलं. काही गेलेलं नाही, ते ठकीकडे आहे. फरक एवढाच की आता कामाच्या खोलीचं दार लावून ते बघता येणार नाही. मागावं लागेल. मला विचारशील तर त्या लाल बटणाने तुझ्यावर उपकार केलेत, पण हे वहिनीला वाचून दाखवू नकोस, ती रडेल.

तिने तुला ‘बाबा?’ विचारलंय. उत्तर दे.

ताई


१० मार्च

ठकी,

फोनवर लिहायला बसलो होतो, पण फोनवरचं तू एका बोटाने पुसशील. कागद फाडायला निदान दोन हात लागतात, तेवढ्यात वाचून होईल.

मी तुला ब्लॉक केलेलं नव्हतं. फोन खरंच भरला होता. तुझे फोटो मी टाकून द्यायचो हेही खरं, आणि टाकलेल्या जागी जाऊन रोज बघायचो हेही खरं. ही काय पद्धत झाली ते मला विचारू नकोस, आत्या तुला रंगवून सांगेल. आता ते फोटो माझ्याकडे नाहीत, कायमचे पुसले गेले. आईच्या हातून, पण चूक तिची नाही.

मी बघत होतो यावर विश्वास बसणार नाही, म्हणून आठवतं तेवढं लिहितो. पहिल्या कवळीचे सुळे भयंकर होते. थंडीच्या आधी तू एक लहान कवळी केलीस, बहुतेक कुणा नाजूक बाईंची, तिच्या खालच्या दाढा उंच झाल्या होत्या. चावताना बाईंच्या गालाला दात लागत असणार. हिरडीचा रंग तू मध्येच बदललास, तो आधीचा बरा होता. पुढचा दात शेजारच्यावर चढवलास ते मी कुणालाही दाखवलं असतं, पण कुणाला दाखवू? सगळ्यांना सांगून बसलो होतो की मी बघत नाही. शेवटी आलेल्या कवळ्यांमध्ये सुळा जरा जास्तच आत वळलाय. तेवढा नको.

ते बटणांचं मी बोललो, ते चुकलं. ते दात आहेत.

सगळे फोटो पुन्हा पाठव. पहिल्यापासून, ते भयंकर सुळेसुद्धा.

तुझे,
बाबा


२४ मार्च

प्रिय ताई,

फोन आता ठणठणीत आहे, तरी हे पत्रच लिहितोय. फोनवरच्या निरोपात आणखी एकदा काहीतरी पुसलं जाईल अशी मला धास्ती बसली आहे.

शनिवारी सकाळी चहाच्या वेळी फोन टणटणला. तुझी वहिनी हातातलं भांडं तसंच घेऊन धावत आली. एका ‘बाबा?’शिवाय वर्षभर अक्षर न लिहिणाऱ्या लेकीने पहिलंच वाक्य काय लिहावं? ‘सुळ्याबद्दल तुम्ही चुकताय, बाबा.’ मी ते पुन्हा पुन्हा वाचून दाखवलं. शेवटी वहिनी म्हणाली, कळलं, आता खाली बघा. खाली लिहिलं होतं, ‘दाढांचं बरोबर आहे. त्या बाईंच्या गालाला खरंच लागत होतं. मी नंतर करून दिल्या.’

मग फोटो यायला लागले. पहिल्यापासून, एकामागून एक. मला न दाखवलेल्याही कवळ्या त्यात होत्या, रागारागाने बिघडलेल्या, मधेच सोडून दिलेल्या. आम्ही दोघं डोक्याला डोकं लावून बघत होतो. तुझ्या वहिनीला कवळीतलं काही कळत नाही. ती प्रत्येक फोटोला ‘किती छान’ म्हणत होती, चपलेच्या फोटोलाही म्हणाली. अर्धेअधिक आले आणि पडद्यावर ती जुनी पाटी झळकली, ‘जागा अपुरी आहे’.

वहिनीचा चेहरा पडला. तिकडून ठकीने लगेच विचारलं, ‘थांबले का? पोचत नाहीत.’ मी उत्तर लिहिलं, ‘थांब, जागा करतो.’ ते लिहायला मला इतका वेळ लागला की तिने मध्ये ‘बाबा?’ असं पुन्हा विचारलं. पण या वेळी उत्तर गेलं.

जागा कुठून करणार? कॅल्क्युलेटर आणि गजर तर आधीच काढून बसलो होतो. मग मी माझे दात उघडले. इतक्या वर्षांच्या कवळ्या, समोरून, डावीकडून, उजवीकडून आणि आ वासलेल्या. सगळ्या निवडल्या. तुझी वहिनी म्हणाली, ‘अहो, एखादी तरी ठेवा.’ मी म्हटलं, ‘त्या लोकांच्या तोंडात आहेत, तिथे बऱ्या आहेत.’ मग त्या पेटीत गेल्या, आणि वहिनीने तुझा कागद हातात घेऊन पायऱ्या मोठ्याने वाचल्या, शाळेत धडा वाचतात तशा.

मयतात हसणारे ते गृहस्थही त्यात गेले, त्यांचं जरा वाईट वाटलं.

फोनने विचारलं, कायमचं पुसायचं? परत मिळणार नाही. हो म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं. तिकडे ठकी वाट बघत होती, म्हणून बोट उंच वगैरे न उचलता साधंच लाल बटणावर ठेवलं. फोनने ते पहिल्याच वेळी ओळखलं.

तुझा,
धाकटा